जीटीकेतला बग नेमका कुठल्या थरात आहे?

विचारलेलं थोडक्यात असं. नागपुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने जीटीके ४ (लिनक्सवर खिडक्या-बटणांची ॲप बनवायची लायब्ररी) वापरून मराठी शब्दसंग्रहाचं ॲप लिहिलं आहे. प्रत्येक शब्दाशेजारी ‘आवडता’ची चांदणी आहे. काही हजार शब्दांची यादी सरकवली की अडखळते, आणि ॲप जितका वेळ चालू राहील तितकी जास्तच अडखळते. शोधलेला भाग ठळक करायला गेलं तर भलतंच अक्षर ठळक होतं. इंग्रजी शब्दांवर ठळक करणं मात्र बिनचूक चालतं. बग जीटीकेतच असणार, तो शोधून दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवायची आहे. लॅपटॉप जुना, मेमरी ४ जीबी. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात थर ओळखण्यापासून करा. मी परसोडीच्या आयटी पार्कात बसून बरीच वर्षं लिनक्सवरच्या ॲपचं काम करतो आणि त्यातला मोठा भाग जीटीके आणि मजकूर मांडणारं पँगो यांचा कोड वाचण्यात जातो. दुरुस्तीच्या चार ओळी लिहायला फार वेळ लागत नाही. त्या कुठल्या लायब्ररीत लिहायच्या हे ठरवण्यात दिवसच्या दिवस जातात. चुकीच्या थरात घातलेली दुरुस्ती लक्षण झाकते, खरा बग तिथेच राहतो, आणि अशी दुरुस्ती मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारी माणसं, घेतही नाहीत.

जीटीके म्हणून आपण जे वापरतो ती लायब्रऱ्यांची चळत आहे. सगळ्यात वर तुमचा कोड. खाली जीटीके, म्हणजे बटणं, याद्या, खिडक्या. त्याच्या पोटात जीडीके, जे माउस-कीबोर्डच्या घटना आणि खिडकीचा पृष्ठभाग सांभाळतं, आणि जीएसके, जे चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतं. मजकुराच्या ओळी पाडायचं काम पँगोचं. कुठल्या चिन्हांसाठी फॉन्टमधला कुठला आकार घ्यायचा हे हार्फबझ ठरवतं. फॉन्ट शोधून देतं फॉन्टकॉन्फिग. सिग्नल (काही घडल्याची हाक), मेमरी आणि मुख्य लूप (घटनांची वाट बघत सतत फिरणारा भाग) जीलिबकडे. याच्याही खाली सगळ्या ॲपच्या खिडक्या पडद्यावर एकत्र मांडणारा कंपोझिटर आणि ग्राफिक्स कार्ड चालवणारा मेसाचा ड्रायव्हर. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते एक अडखळणारी यादी.

तुमची दुसरी तक्रार आधी घेतो, कारण ती लवकर सुटेल आणि तिच्यातून पुढचं बरंच कळेल. इंग्रजीत बरोबर आणि मराठीत चूक असं दिसलं की माझा पहिला संशय बाइटच्या मोजणीवर जातो. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइटचं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘नागपूर’ घ्या. न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी ६ चिन्हं आणि १८ बाइट. यातलं ‘पूर’ तुम्ही शोधलंत. शून्यापासून मोजलं तर चिन्हांच्या हिशेबात ते ३ ते ६ असं येतं, बाइटच्या हिशेबात ९ ते १८. आता गोम अशी की जीटीकेची मजकुराची खोकी आणि टेक्स्ट बफर प्रामुख्याने चिन्हं मोजतात, तर पँगोच्या ॲट्रिब्यूटची (मजकुराच्या तुकड्याला लावलेली ठळक, रंग अशी खूण) सुरुवात आणि शेवट बाइटमध्ये असतो. तुमच्या कोडने शोधातून आलेले ३ आणि ६ हे आकडे तसेच पँगोच्या हातात दिले, तर पँगो इमानदारीने तिसऱ्या ते सहाव्या बाइटमधला मजकूर ठळक करतं. तिथे काय आहे? ‘ना’चा काना. तेवढाच. न पासून काना तोडल्यामुळे काही फॉन्टमध्ये तिथे ठिपक्यांचं वर्तुळसुद्धा उगवू शकतं. इंग्रजीत चिन्ह आणि बाइट एकास एक असल्यामुळे हा घोळ कधीच उघडा पडत नाही.

पायथनमध्ये लिहीत असाल तर लांबी सांगणारं ‘लेन’ हे फंक्शन चिन्हं मोजतं हे लक्षात ठेवा. मजकूर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून त्याची लांबी घ्या. सी मध्ये असाल तर चिन्हांच्या मोजणीवरून बाइटची जागा काढून देणारी फंक्शनं जीलिबमध्ये तयार आहेत.

इथे तिसरी एक मोजणीही आहे. कर्सर ‘नागपूर’मधून चार उड्यांत पार होतो: ना, ग, पू, र. कर्सर कुठे थांबू शकतो याची नोंद पँगो प्रत्येक चिन्हागणिक ठेवतं. बॅकस्पेस मात्र ‘पू’ अख्खा खात नाही. आधी उकार जातो, मग प जातो. देवनागरीसाठी पँगोने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे, आणि मला ते पटतं, कारण जोडाक्षर टाइप करताना शेवटचा काना चुकला तर सगळं जोडाक्षर पुन्हा लिहायला लागू नये. तेव्हा कर्सर आणि बॅकस्पेस यांच्या वागण्यातला हा फरक बग म्हणून नोंदवू नका.

असंच आणखी एक प्रकरण ल आणि श यांचं. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी छपाईपेक्षा वेगळा असतो. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मराठी आकार निवडण्यासाठी मजकूर मराठी आहे हे हार्फबझला कोणीतरी सांगावं लागतं. पँगो ही भाषा सहसा सिस्टिमच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) घेतं. डेस्कटॉप इंग्रजीत ठेवला असेल तर हिंदी वळणाचे आकार येतात, आणि लोक म्हणतात जीटीके मराठी चुकीचं दाखवतं. मजकुरावर भाषेचं ॲट्रिब्यूट लावा, काम झालं. जीटीकेत एक ओळही बदलावी लागत नाही. तुमचं ॲपच मराठी शब्दांचं आहे, तुम्ही हे आजच करा.

मजकुराचा बग कुठल्या थरातला हे ठरवण्यासाठी मी एक शिडी वापरतो. हार्फबझबरोबर ‘एचबी-व्ह्यू’ नावाचं छोटं साधन येतं. त्याला फॉन्टची फाइल आणि मजकूर दिला की ते चित्र काढून देतं, मध्ये पँगो नाही, जीटीके नाही. तिथेच आकार चुकला तर बग फॉन्टचा किंवा हार्फबझचा. तिथे बरोबर असेल तर ‘पँगो-व्ह्यू’ने तोच मजकूर तोच फॉन्ट बघा. इथे बिघडलं तर पँगो किंवा फॉन्टची निवड. दोन्हीकडे बरोबर आणि ॲपमध्ये चूक, तर जीटीके किंवा तुमचा कोड. शेवटच्या पायरीला दहा-वीस ओळींचा नवा प्रोग्राम लिहा: एक खिडकी, एक लेबल, तोच मजकूर. त्यात बग दिसला नाही तर तो तुमच्या कोडमध्ये आहे. दिसला तर जीटीकेकडे नोंदवायला तयार नमुना तुमच्या हातात आला.

मराठीतला खराखुरा आणि वारंवार भेटणारा प्रकार म्हणजे वरचं टोक कापलं जाणं. रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली, उदाहरणार्थ ‘तुर्की’ किंवा ‘गर्दी’, की ओळीच्या वर जागा कमी पडते आणि रफाराचं टोक छाटलं जातं. इथे पँगो दोन चौकटी देतं. एक तार्किक, ओळींची मांडणी करायला वापरायची. दुसरी शाईची, प्रत्यक्ष आकार जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतची. शाईची चौकट तार्किक चौकटीच्या बाहेर जात असेल तर फॉन्टने स्वतःची उंची कमी सांगितली आहे, तक्रार फॉन्टवाल्यांकडे जायला हवी. तार्किक चौकट पुरेशी मोठी आहे पण विजेटला (लेबल, बटण असा खिडकीतला घटक) मिळालेली जागा तिच्यापेक्षा कमी आहे, तर आधी तुमच्या सीएसएसमधली (ॲपचं दिसणं ठरवणाऱ्या नियमांतली) उंची बघा आणि मगच जीटीकेकडे या. या बगांच्या बाबतीत आपण मराठी लिहिणारे फार मोलाच्या जागी उभे आहोत. रोमन लिपीत वाढलेल्या माणसाला ही टोकं कधी दिसणारच नाहीत, आणि ज्याला दिसतात त्यानेच ती नोंदवायची असतात.

आता अडखळणारी यादी. तुमच्या वर्णनात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: ॲप जितका वेळ चालू तितकं जास्त अडखळतं. नुसती मंद यादी पहिल्या सेकंदापासून मंद असते. वापरासोबत मंद होत जाणारी यादी म्हणजे कुठेतरी काहीतरी साठतंय.

कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे पावत्यांचं असंच एक ॲप होतं. लिहिणारे दुसरे; मला फक्त बघायला बोलावलं होतं. मुनीमजी म्हणाले, “भाऊ, सकाळी बरोबर चालते, दुपारून लिस्ट सरकतच नाही. बंद करून चालू केली का पुन्हा ठीक.” या एका वाक्यात अर्धं निदान होतं.

जीटीके ४ ची यादी प्रत्येक नोंदीसाठी वेगळं विजेट बनवत नाही. पडद्यावर दिसतात तेवढ्या आणि आसपासच्या थोड्या ओळींपुरतीच विजेटं असतात. यादी सरकली की वरून निघून गेलेलं विजेट खाली नव्या नोंदीसाठी पुन्हा वापरलं जातं. त्यासाठी ओळींची विजेटं पुरवणाऱ्या फॅक्टरीचे चार सिग्नल आहेत. सेटअपमध्ये विजेट बनतं, बाइंडमध्ये त्याला नोंद जोडली जाते, अनबाइंडमध्ये ती सुटते, टेअरडाउनमध्ये विजेट मोडलं जातं. त्या ॲपमध्ये बाइंड होताना पावतीच्या बदलांवर लक्ष ठेवणारा हँडलर (बदल झाला की चालणारं फंक्शन) जोडला जात होता. अनबाइंड रिकामं होतं. म्हणजे यादी वर-खाली झाली की प्रत्येक वेळी नवा हँडलर जोडला जायचा, जुना तसाच राहायचा. सकाळी एका पावतीवर एक हँडलर, दुपारी कित्येक. एक रक्कम बदलली की ते सगळे पळायचे, आणि त्यातले बहुतेक आता भलत्याच पावतीला जोडलेल्या विजेटवर जुनी पावती लिहून जायचे. यादी पुन्हा सरकली की बाइंडमध्ये योग्य मजकूर परत यायचा, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नव्हती, जाणवायचा तो मंदपणा. अनबाइंडमध्ये हँडलर सोडवल्यावर दिवसभर यादी सारखीच चालू लागली. तुमच्या ॲपमध्ये शब्दाशेजारी ‘आवडता’ची चांदणी आहे असं तुम्ही लिहिलंय, ती बाइंडमध्ये कशी जोडली आहे ते आधी बघा.

हे निस्तरल्यावरही मंदपणा उरला तर मोजायला बसायचं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला (दर वेळी नव्याने काढलेल्या एका चित्राला) साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात फ्रेम क्लॉक घटना हाताळतं, ॲनिमेशन पुढे नेतं, विजेटांची मापं काढून जागा वाटतं आणि मग चित्र काढतं. हे मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं. बाइंडमध्ये तुम्ही डिस्कवरून फाइल वाचत असाल किंवा डेटाबेसला विचारत असाल, तर तो वेळही याच १६.७ मधून कापला जातो. वेळ नेमका कुठे जातो हे अंदाजाने ठरवू नका. अनुभवी लोकांचा अंदाजही इथे चुकतो.

पहिलं साधन जीटीकेच्या आतच आहे. ॲप सुरू करताना ‘जीटीके-डीबग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘इंटरॅक्टिव्ह’ ही किंमत द्या, इन्स्पेक्टर उघडेल. त्यात दर सेकंदाला किती फ्रेम निघतात ते पडद्यावर दाखवता येतं, आणि कुठला भाग पुन्हा रंगवला जातोय तेही. एका ओळीवरून माउस फिरवल्यावर अख्खी खिडकी चमकत असेल तर गरजेपेक्षा जास्त रंगकाम चाललंय. त्याच इन्स्पेक्टरमध्ये कुठला रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, चालू आहे ते दिसतं. तिथे ‘एलएलव्हीएम-पाइप’ हे नाव दिसलं तर तुमचं ग्राफिक्स कार्ड वापरलंच जात नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. जुन्या लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये हे सर्रास घडतं, आणि मग जीटीकेत काहीही बदललं तरी फार फरक पडत नाही.

रेंडररबद्दल थोडं सांगतो, कारण जुन्या मशीनवरचे अनेक त्रास इथून येतात. जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आलं. मार्च २०२४ च्या ४.१४ मध्ये ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या दोन पद्धतींसाठी नव्याने लिहिलेले, आतून एकच रचना असलेले रेंडरर आले, आणि त्याच वर्षीच्या ४.१६ मध्ये वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवायची नवी पद्धत) व्हल्कन आपोआप निवडलं जाऊ लागलं. म्हणून डिस्ट्रो (उबंटू, फेडोरा अशी लिनक्सची तयार आवृत्ती) अपग्रेड केल्यावर अचानक काही हळू झालं असेल तर ‘जीएसके-रेंडरर’ या व्हेरिएबलने रेंडरर बदलून बघा, प्रोसेसरवरच चित्र काढणाऱ्या कैरोवरसुद्धा. रेंडरर बदलल्याने फरक पडला तर त्रास चित्र काढण्याच्या बाजूला किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. काहीच फरक पडला नाही तर मापं काढण्याच्या बाजूला बघा.

त्यापुढचं साधन सिसप्रॉफ. ते ठरावीक अंतराने प्रोसेसर कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते टिपतं आणि त्याची उतरंड दाखवतं. ही उतरंड नीट दिसायला लायब्रऱ्या फ्रेम पॉइंटरसह (कुठल्या फंक्शनने कोणाला बोलावलं याचा माग ठेवणारी सोय) बनवलेल्या असाव्या लागतात. फेडोरा ३८ पासून आणि ६४-बिट उबंटू २४.०४ मध्ये त्या तशाच येतात, त्यामुळे पूर्वीची कटकट संपली आहे.

शब्दांच्या यादीत सिसप्रॉफ बहुधा पँगोकडे बोट दाखवेल. लेबलचा मजकूर बदलला की लेबल स्वतःचं माप पुन्हा काढायची विनंती करतं, ती विनंती वरच्या विजेटांपर्यंत जाते, आणि पुढच्या फ्रेमला मजकुराची मांडणी पुन्हा होते. ओळ मोडणारं लेबल असेल तर इतक्या रुंदीला किती उंची हा प्रश्न पुनःपुन्हा सोडवावा लागतो. सरकणाऱ्या यादीत दर फ्रेमला नव्या ओळी बाइंड होतात, म्हणजे हे सगळं दर फ्रेमला. याच दुखण्यासाठी ४.८ मध्ये ‘इन्स्क्रिप्शन’ नावाचं विजेट आलं. किती अक्षरांची आणि किती ओळींची जागा हवी ते तुम्ही आधीच सांगता. आतला मजकूर बदलला तरी माप बदलत नाही. तुमच्या शब्दाच्या रकान्यासाठी ते चपखल आहे. अर्थाचा लांब मजकूर मात्र लेबलमध्येच ठेवा आणि तो यादीत न दाखवता शब्द निवडल्यावर बाजूला दाखवा.

मोजताना एक काळजी घ्या, नागपुरात विशेष. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जुना लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी मूळ आवृत्ती मोजली, दुपारी दुरुस्त केलेली मोजली, तर दुरुस्तीने ॲप हळू झालं असा निष्कर्ष निघेल. म्हणून जुनी आणि नवी आवृत्ती आलटून पालटून चालवा, पुष्कळदा चालवा, आणि सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. आणि डीबग बिल्डवर (बग शोधण्यासाठी कोडपासून बनवलेल्या आवृत्तीवर) वेग कधीच मोजू नका. त्यात जादा तपासण्या चालू असतात, ऑप्टिमायझेशन बंद असतं. ‘डीबग-ऑप्टिमाइज्ड’ प्रकारचं बिल्ड घ्या, म्हणजे वेगही खरा मिळेल आणि फंक्शनांची नावंही दिसतील.

समजा हे सगळं करून बग खरंच जीटीकेत निघाला. तिथे नवख्याने हात घालण्यासारखी एक जागा सांगतो. एखाद्या प्रॉपर्टीची किंमत बदलणारं फंक्शन उघडा. नवी किंमत जुन्याइतकीच असेल तर तिथूनच परत फिरायला हवं. हा तपास नसेल तर तीच किंमत पुन्हा दिली तरी माप काढायची विनंती जाते, ‘बदललं’ अशी हाक सुटते, आणि ती ऐकणारे सगळे कामाला लागतात. त्याचंच भावंड म्हणजे नुसता रंग बदलला असताना ‘पुन्हा रंगव’ ऐवजी ‘पुन्हा माप काढ’ अशी विनंती. जीटीकेत या दोन विनंत्यांना ‘क्यू-ड्रॉ’ आणि ‘क्यू-रिसाइज’ म्हणतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी महाग. जीटीकेचा मुख्य कोड बऱ्यापैकी घासूनपुसून घेतलेला आहे, पण कमी वापरल्या जाणाऱ्या विजेटांत अशी ठिकाणं अजून सापडतात. दुरुस्ती दोन-तीन ओळींची असते, तिचा परिणाम मोजून दाखवता येतो, आणि तपासणाऱ्याला ती वाचायला सोपी जाते.

क्रॅशचे बग वेगळ्या वाटेने जातात. टर्मिनलवर ‘क्रिटिकल’ असा इशारा आला तर तो वाचून सोडून देऊ नका. ‘जी-डीबग’ला ‘फेटल-क्रिटिकल्स’ ही किंमत देऊन ॲप जीडीबी या डीबगरमध्ये चालवा. इशारा जिथे निघाला तिथेच प्रोग्राम थांबतो आणि कोणी कोणाला बोलावलं ते दिसतं. आधीच मोडलेल्या विजेटला हात लावल्याचा संशय असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा. मेमरी कधी मोकळी झाली आणि नंतर कोणी वापरली, दोन्ही जागा तो छापून देतो.

४ जीबीवर जीटीके बिल्ड होतं, थोडा धीर ठेवावा लागतो. बिल्डची मांडणी करणाऱ्या मेसनला सांगून डेमो, उदाहरणं, डॉक्युमेंटेशन, इंट्रोस्पेक्शन, व्हल्कन आणि मीडियाचा भाग बंद करा. तुमचं ॲप पायथनचं असेल तर इंट्रोस्पेक्शन चालू ठेवावं लागेल, कारण पायथन जीटीकेपर्यंत त्यातूनच पोचतं. प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या निंजाला एका वेळी दोनच कामं द्या, नाहीतर मेमरी भरून मशीन गपगार पडेल. आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सी-कॅश बसवा, दुसऱ्या वेळेपासून बिल्ड झपाट्याने होतं. सिस्टिमच्या जीटीकेवर आपलं बिल्ड कधीही चढवू नका, डेस्कटॉपच उघडेनासा होऊ शकतो. मेसनचं ‘डेव्ह-एन्व्ह’ वापरलं तर बिल्डच्या फोल्डरमधूनच तुमचं ॲप नव्या जीटीकेवर चालवता येतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

आधीच्या आवृत्तीत चालत होतं आणि आता बिघडलं असं असेल तर गिट-बायसेक्ट सोन्यासारखं आहे. चांगला कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद) आणि वाईट कमिट सांगा, ते दर वेळी मधला काढून देतं. १००० कमिटमधून गुन्हेगार साधारण १० फेऱ्यांत सापडतो. तुमच्या मशीनवर दर फेरीला बिल्डचा वेळ जाईल, तेव्हा रात्री लावून ठेवता येईल अशी स्क्रिप्ट लिहा. नमुना प्रोग्रामने बग दिसल्यावर चुकीचा एक्झिट कोड दिला की बायसेक्ट स्वतःच पुढे सरकतं. कुठल्या कमिटने बिघडलं हे नोंदीत लिहिलंत तर मेंटेनरचं अर्धं काम झालेलं असतं.

दुरुस्ती नोमच्या (जीटीके ज्याच्या छत्राखाली आहे तो डेस्कटॉप प्रकल्प) गिटलॅब या कोडच्या साइटवर मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती म्हणून जाते. एका रिक्वेस्टमध्ये एकच विषय. बग शोधताना दिसलेलं इंडेंटेशन नीट करायचा मोह होतो, तो आवरा. कमिट संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा, कारण काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. वेगाची दुरुस्ती असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे, मशीन, रेंडरर आणि पडद्याचा वेग लिहा. शक्य तिथे चाचणी जोडा. दिसण्याच्या बगांसाठी जीटीकेत दोन मांडण्यांची चित्रं एकमेकांशी ताडून बघणाऱ्या चाचण्या आहेत, आणि पँगोकडे मजकूर व त्याचा अपेक्षित निकाल अशा साध्या फायली आहेत. मराठी मजकुराची एक फाइल त्यात गेली की पुढे कोणीही तो भाग मोडला तर चाचणीच ओरडते, आपल्याला पहारा द्यावा लागत नाही. म्हणून दुरुस्तीइतकंच चाचणीलाही मी महत्त्व देतो.

तपासणारी माणसं थोडी आणि कामं फार, त्यामुळे उत्तराला वेळ लागू शकतो. ‘इथे का नाही, खालच्या थरात का नाही’ असा प्रश्न आला तर तो तुमच्यावरचा अविश्वास नसतो. आपण सुरुवातीला जो विचार केला तोच ते करत असतात. शिडीच्या कुठल्या पायरीवर काय दिसलं ते चित्रांसह आधीच लिहिलेलं असेल तर हा प्रश्न बहुधा येतच नाही.

दुरुस्ती मुख्य शाखेत गेली म्हणजे उद्या ती तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये येईल असं नाही. ती चालू स्थिर शाखेतही घ्यावी असं वाटत असेल तर तसं रिक्वेस्टमध्येच विचारा. तरीही एलटीएस (एकच आवृत्ती दीर्घकाळ सांभाळणारी) डिस्ट्रो वापरणाऱ्यांकडे जुनी आवृत्ती बराच काळ राहणार. तोपर्यंत तुमच्या ॲपमध्ये तात्पुरती पळवाट ठेवावी लागेल. ती चालताना असलेली जीटीकेची आवृत्ती तपासून मगच लागू होऊ द्या, आणि शेजारी कॉमेंटमध्ये बगचा नोंद-क्रमांक व कुठल्या आवृत्तीत तो सुटला ते लिहून ठेवा, म्हणजे पुढे तुमचा कोड हाती घेणाऱ्याला ती पळवाट कधी काढून टाकायची ते कळेल.